शून्यावरचा काटा: निरपेक्ष दाब आणि गेज दाब समजून घेताना

द्रायू यांत्रिकी, म्हणजे द्रव आणि वायूंचे यांत्रिकी, शिकू लागलो तेव्हा ‘निरपेक्ष दाब म्हणजे गेज दाब अधिक वातावरणीय दाब’ हे समीकरण मी पहिल्याच आठवड्यात पाठ केले. तरीही गणित सोडवताना वातावरणीय दाबाचे 101.3 किलोपास्कल मिळवायचे की नाही, हे मी कित्येक दिवस पुस्तकामागचे उत्तर पाहूनच ठरवत होतो.

या गोंधळाचे मूळ मला प्रयोगशाळेत ठेवलेल्या, झाकण काढलेल्या एका बोर्डन गेजमध्ये, म्हणजे काट्याच्या दाबमापकात, सापडले. त्याच्या आत चपट्या छेदाची एक वाकवलेली धातूची नळी असते. तिचे एक टोक पाइपकडे उघडे असते आणि दुसरे, बंद टोक दांडी व दातेरी चक्रामार्फत काट्याला जोडलेले असते. आतला दाब वाढला की नळी किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. मी बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिलो आणि मग लक्षात आले की तिच्या बाहेरच्या अंगाला खोलीतली हवा आहे व तीही नळीला दाबते आहे. म्हणजे ही नळी फक्त आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक ओळखते. काटा शून्यावर असतो तेव्हा आत दाब नसतो असे नाही, तो बाहेरच्या हवेइतकाच असतो.

हे पटले, पण मुरले नव्हते. ते मुरले सिरिंजमुळे. सुई नसलेली सिरिंज 10 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत हवेने भरून मी तिचे तोंड बोटाने घट्ट बंद केले आणि दट्ट्या सावकाश 5 च्या खुणेपर्यंत दाबला. बॉइलच्या नियमाप्रमाणे घनफळ निम्मे झाले की दाब दुप्पट होतो. सुरुवातीचा गेज दाब शून्य होता आणि शून्याची दुप्पट शून्यच. पण बोटाला जाणवणारा रेटा आणि परत येऊ पाहणारा दट्ट्या वेगळेच सांगत होते. निरपेक्ष दाब घेतला की हिशेब जुळतो: 101.3 चे 202.6 होतात आणि गेज दाब 101.3 किलोपास्कल येतो. वायूच्या समीकरणांना खरे शून्य, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब, लागतो, हे त्या दिवसापासून मी कधी विसरलो नाही.

मग टाकीच्या भिंतीवरील बलाच्या गणितात वातावरणीय दाब का सोडून देतात, या प्रश्नाने मला अधिक काळ अडवले. पाच मीटर खोलीवर पाण्यामुळे सुमारे 49 किलोपास्कल गेज दाब असतो, निरपेक्ष दाब सुमारे 150. पण भिंतीच्या बाहेरूनही तीच हवा रेटत असल्याने तिचा वाटा वजा होतो आणि भिंतीला 49 चाच भार सोसावा लागतो. उघड्या तोंडाच्या मॅनोमीटरचेही, म्हणजे द्रवाच्या स्तंभाने दाब मोजणाऱ्या नळीचेही, असेच आहे: तिच्या उघड्या टोकावर हवाच रेटत असल्याने तीही गेज दाबच दाखवते.

सर्वांत शेवटी पंपाची सक्शन बाजू, म्हणजे पाणी आत खेचणारी बाजू, आली आणि तिथे दोन्ही दाब एकत्र वापरावे लागले. समजा, गेजवर उणे 60 किलोपास्कल दिसते आहे. निरपेक्ष दाब साधारण 41 झाला. पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे ज्याच्या खाली निरपेक्ष दाब गेला की पाणी उकळू लागते तो दाब, 20 अंश सेल्सिअसला जेमतेम 2.3 किलोपास्कल असल्याने थंड पाणी तिथे द्रवरूपातच राहील. मात्र 80 अंशांना तो सुमारे 47 असतो. त्यामुळे काटा त्याच जागी असूनही पंपाच्या तोंडाशी ते गरम पाणी उकळू लागेल.