घारीच्या पंखातल्या फटी

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज सकाळी आईच्या कुरड्या राखायला गच्चीवर बसली होती, बाबा पण होते, दहाच वाजले होते पण नागपुरातल्या आमच्या खामल्याचं ऊन असं की स्लॅबवर पाय ठेवायची सोय नाही, आणि घारी बरोबर याच वेळी वर चढायला लागतात कारण तापलेल्या छतांवरून, डांबरावरून गरम हवा उठून राहते. एक घार आमच्या टाकीवरून गेली. इतकी खालून की पंखाच्या टोकाची पिसं मोजता आली असती, हाताची बोटं फाकवावी तशी, अन् प्रत्येक बोट टोकाला वर वाकलेलं. बाबा म्हणाले, "काय गं, हिच्या पंखाला एवढ्या फटी, त्यातून हवा निसटून नाही जात का?"

मी म्हटलं सांगते, आणि धड सांगता नाही आलं. ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, अख्खा चॅप्टर शिकली आहे मी, गणितं सोडवली आहेत, पण बाबांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलंय, त्यांना फॉर्म्युला नको असतो, वस्तू कशी चालते ते हवं असतं. मग दुपारभर तेच डोक्यात.

तर असं आहे. पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी. पंख जिथे संपतो तिथे खालची हवा वळसा घालून वर पळते आणि तिचा भोवरा होतो, तो मागे लांबपर्यंत फिरत राहतो, आणि त्याला फिरवायची ताकद शेवटी पक्ष्याच्याच खिशातून जाते. हाच इंड्यूस्ड ड्रॅग. हवेचा बाकी विरोध वेग वाढला की वाढतो, हा मात्र हळू उडालं की वाढतो, आणि घार तर हळूच उडते बिचारी, गरम हवेच्या छोट्याशा खांबात गोल गोल फिरत. यावर सरळ उपाय म्हणजे पंख लांब करा. समुद्रावरच्या मोठ्या अल्बट्रॉसचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत जातात. पण तेवढे पंख घेऊन आमच्या गल्लीतल्या वायरी अन् कडुलिंबांमधून कोण वळणार? घारीचं दीड मीटरच्या आसपासच भागतं, म्हणून तिने टोक फोडलं. प्रत्येक पीस एक छोटा पंख होतो, एका मोठ्या भोवऱ्याच्या जागी चार-पाच लहान, तेही वेगवेगळ्या उंचीवर पसरलेले, आणि ताकद कमी वाया जाते.

हे कोणीतरी खरंच तपासलं असेल का म्हणून शोधलं तर टकर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचा 1995 चा पेपर मिळाला. त्यांनी हॅरिस हॉक नावाचा शिकारी पक्षी विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडलेल्या बोगद्यात उडवला, मग त्याच्या त्या टोकाच्या पिसांचे शेंडे कापून परत उडवला, तर ड्रॅग वाढला. कापलं हे वाचून कसंतरी झालं, पण पिसं झडून नवीन येतात म्हणून बरं.

आणि विमानं! नासाच्या लँगली सेंटरमध्ये रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी 1970 च्या दशकात पंखाच्या टोकाला उभी पट्टी लावायची, म्हणजे विंगलेटची, कल्पना पक्की केली. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांच्या टोकाच्या पिसांवरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला होता म्हणतात. 1979-80 मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या केसी-135 विमानावर उडवून पाहिलं तर इंधन साडेसहा टक्क्यांपर्यंत वाचलं. विमानाची अडचणही घारीसारखीच आहे, जागेची. एअरबसच्या ए320 सारख्या प्रवासी विमानाला एअरपोर्टवर जी पार्किंग मिळते तिथे पंख 36 मीटरच्या आत हवे. त्याचे शार्कलेट (एअरबस विंगलेटला हेच म्हणते) लावलेले पंख 35.8 मीटर, म्हणजे आडवं वाढायला जागाच उरली नाही, मग वर वाढायचं, जवळजवळ 2.4 मीटर. सोनेगावला उतरणारी विमानं आमच्या घरावरून जातात, लहानपणापासून बघते, ते वळलेलं टोक मला नुसती स्टाईल वाटायचं.

संध्याकाळी सोनेगाव तलावाकडे गेली तर झाडाखाली घारीचं पीस पडलेलं दिसलं. लांब, काळपट तपकिरी. बुडाशी चांगलं रुंद, आणि अर्ध्यावर आलं की एकदम अरुंद, कोणी कात्रीने खाच मारल्यासारखं. म्हणजे फट पिसं विरळ झाल्याने पडत नाही, ती पिसाच्या आकारातच आहे! मी दांडी धरून हवेत फिरवलं, टोक आपोआप वर वाकलं. दोन-तीनदा करून पाहिलं, मग तिथेच ठेवून आली.

जेवण झाल्यावर बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाही, उठून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद आणला, टोकाला पाच पट्ट्या कापल्या अन् कूलरसमोर जरासा तिरपा धरला. पुढची पट्टी सगळ्यात जास्त वर वाकली, मागची तिच्याहून कमी, अशा पाचही वेगवेगळ्या उंचीवर थरथरत राहिल्या. "हां," बाबा म्हणाले, "या फटी नाहीत मग, हे तर पाच पंख झाले." आईने दोनदा हाक मारली की कूलरसमोरून हटा, हवा येऊ द्या.

पट्ट्या पाण्याने भिजून लोंबल्या थोड्या वेळात. उद्या फाईलच्या प्लॅस्टिक कव्हरच्या कापायच्या आहेत, पिसासारखी अर्ध्यावर खाच मारून.