अँकॉन टेकडीवरून
आज पहाटे पनामा सिटीतली अँकॉन टेकडी चढले. वर पनामाचा भलाथोरला झेंडा, लांबवर कालव्याकडे निघालेली जहाजं. ही टेकडीसुद्धा एकेकाळी अमेरिकेच्या ताब्यातल्या कालवापट्ट्यात होती. १९०३च्या ज्या करारानं तो पट्टा अमेरिकेला मिळाला, त्यावर पनामाच्या वतीनं सही केली एका फ्रेंच माणसानं! स्वतःची जमीन, आणि सही परक्याची. जानेवारी १९६४मध्ये इथली शाळकरी पोरं आपला झेंडा घेऊन पट्ट्यात गेली. झेंडा फाटला, दंगल उसळली, वीसहून जास्त पनामावासी मारले गेले. कालवा पूर्णपणे हातात यायला ३१ डिसेंबर १९९९ उजाडला. टेकडीच्या पायथ्याशी १९६४मध्ये मारल्या गेलेल्या त्या लोकांच्या नावाचा हुतात्मा मार्ग आहे. पाटी वाचली आणि मुंबईचा हुतात्मा चौक आठवला. बराच वेळ तिथंच उभी होते.