तळपायांची आग आणि लघवीची तपासणी

मधुमेही माणसाच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, आग होऊ लागली की आपल्याकडे तेल चोळणे, बी-१२च्या गोळ्या आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके सुरू होतात. मूत्रपिंडाची आठवण मात्र सहसा कोणाला होत नाही. घरात दोन पिढ्यांचा मधुमेह पाहिल्यामुळे मी पायांची आणि मूत्रपिंडाची तक्रार वेगळी मानायचे सोडले आहे.

दीर्घकाळ वाढलेली साखर सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करते, आणि मज्जातंतू (ज्यांच्या बिघाडाने तळपायांना मुंग्या येतात) व मूत्रपिंडातील गाळण्या या दोहोंची भिस्त त्याच वाहिन्यांवर असते. टाइप १ मधुमेहावरील डीसीसीटी या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर नियंत्रणात ठेवलेल्या गटात मज्जातंतूंच्या विकाराचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी, तर लघवीतून जास्त अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन, जे मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडल्यावर लघवीत उतरते) जाण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी आढळला.

याखेरीज हे दोन विकार एकमेकांना हातभारही लावतात. मूत्राशयाचे मज्जातंतू दुबळे झाले की ते भरल्याची जाणीव कमी होते, लघवी साचून राहते, आणि तिच्यातील जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. उलट, मूत्रपिंड निकामी होऊ लागले की रक्तात साठणारी टाकाऊ द्रव्ये मज्जातंतूंना आणखी बाधतात. मला सर्वांत भीती वाटते ती इन्सुलिनची: त्याचा निचरा करण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असल्याने ते मंदावल्यावर नेहमीचाच डोस अधिक काळ काम करतो व साखर अचानक उतरू शकते, त्यात घाम आणि धडधड यांसाठी जबाबदार असलेले मज्जातंतू बिघडलेले असतील, तर रुग्णाला त्याची चाहूलही लागत नाही.

औषधांचेही तसेच आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या आगीवर फारसे उपयोगी पडत नाहीत आणि दुखावलेल्या मूत्रपिंडाला धोका मात्र वाढवतात; मज्जातंतूंच्या वेदनेवर दिली जाणारी प्रेगाबॅलिन व गॅबापेंटिन ही औषधे मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने त्यांचा डोस मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार कमी करावा लागतो. (मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ खरोखरच कमी होऊ शकते, पण गोळ्यांआधी ते तपासलेले बरे.)

केवळ रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकते ते एक टाकाऊ द्रव्य) ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण सुरुवातीला ते सामान्यच असू शकते. लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टर ती तपासणी पुन्हा करून खात्री करतात. टाइप २ मधुमेहात ही तपासणी आणि पायांच्या संवेदनेची तपासणी, दोन्ही निदान झाल्यापासूनच दरवर्षी करायच्या असतात.