आईच्या ताटातली 33 ग्रॅम प्रथिनं

किडनीचं दुखणं निघालं की घरात पहिली गदा डाळीवर येते. मग दूध बंद, अंडं बंद, आणि हळूहळू माणूस जेवायलाच नको म्हणतो. आईचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

आईचा आजार चौथ्या टप्प्यातला. डायलिसिस नाही, मधुमेह नाही, वजन 55 किलो. आहारतज्ज्ञांनी तिला किलोमागे 0.6 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 33 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. निरोगी माणसाला किलोमागे साधारण 0.8 ग्रॅम लागतात. प्रथिनांतल्या नायट्रोजनचा यकृतात युरिया होतो आणि तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. थकलेल्या किडनीवरचं ते ओझं कमी करायचं, एवढाच हेतू.

33 ग्रॅम हे पदार्थाचं वजन नव्हे, त्यातल्या प्रथिनांचं. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या डाळीत साताच्या आसपास, अर्धा कप दुधात साडेतीन-चार. ही तिन्ही आई रोज खाते आणि निम्मा हिशेब होतो. उरलेला धान्य आणि भाज्यांतून भरतो. 100 ग्रॅम शिजलेल्या भातातही अडीच ग्रॅम प्रथिनं असतात, आणि नेमकी तीच मोजायची राहतात.

पण मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते वेगळंच. प्रथिनं कमी करा, जेवण नको! किलोमागे 25 ते 35 कॅलरी पोटात जायलाच हव्यात. त्या कमी पडल्या तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा काढतं, आणि त्यातूनही युरियाच तयार होतो. म्हणजे पथ्य पाळूनही तोटाच. म्हणून आईच्या भाजीत मी तेल सढळ हातानं घालते आणि तिला गोडही देते. मिठाला मात्र हात आखडता. आणि बाजारातलं 'कमी सोडियमचं' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका, त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि थकलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही.

किडनी कशी चाललीय हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, आणि ते उतरलं की सगळे खूश होतात. मी आधी आईचं वजन बघते. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे माणूस खंगला तरी तो आकडा खाली येतो. प्रथिनं खरंच किती पोटात जातात हे 24 तासांच्या लघवीतल्या युरियावरून काढता येतं. डॉक्टरांना जरूर विचारा.

आमच्या मामाला यकृताचा सिरॉसिस आहे. आईचा तक्ता पाहून मामीनं त्याचीही डाळ बंद करायचं मनावर घेतलं होतं. मी तिला हात जोडून थांबवलं. सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्यानं झडतात, म्हणून तिथे उलट किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि रात्र उपाशी जाऊ नये म्हणून झोपण्यापूर्वी थोडं खायलाही सांगतात. मेंदूवर परिणाम होऊन पेशंट भ्रमात जातो, तेव्हा पूर्वी प्रथिनं तोडत असत. आता तेही करत नाहीत.

आईला पुढे डायलिसिस लागलं तर तिचाही आकडा किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाईल, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, वाहून जातात. त्या दिवशी हा तक्ता फाडायचा आणि नवा करून घ्यायचा, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवलंय.