पगारातले 200 रुपये कुठे जातात?

महाराष्ट्रात 10 हजारांपेक्षा जास्त पगार असेल तर पगारपत्रकावर व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतात. फेब्रुवारीत 300. महिलांना 25 हजारांपर्यंत माफी आहे. वर्षाचे होतात 2500. सरकार आणि कर नसते तर धंदा जास्त फुलला असता, असं म्हणणाऱ्यांनी आधी या कराचा उगम पाहावा.

1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायच्या कामांवर होती. मागेल त्याला काम ही कल्पना त्याआधीचीच. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे ही रोजगार हमी योजना राज्यभर न्यायची, तर दरवर्षी खात्रीचा पैसा लागणार होता. म्हणून 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांकडून जेवढा गोळा होईल तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, अशी रचना होती. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, तो लागू झाला 1979 मध्ये.

या योजनेतली कामं खाजगी पैशाने का होत नाहीत? ओढ्याचं पाणी अडवायला नालाबांध घातला की पाणी खालच्या आठ-दहा विहिरींना झिरपतं. कोणाच्या विहिरीत किती उतरलं हे मोजता येत नाही, त्यामुळे कोणाकडून वसुलीही करता येत नाही. वसुली नाही तिथे गुंतवणूकदार फिरकत नाही, आणि एकटा शेतकरी दुसऱ्यांसाठी बांध घालणार नाही. तो सगळ्यांच्या पैशातूनच व्हावा लागतो. शिवाय मजुरी हातात पडते ती शेतीला काम नसलेल्या उन्हाळ्यात. ती गावच्या किराणा दुकानातच खर्च होते, म्हणजे दुकानही तगतं. 1990 मध्ये याच योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. कोकणातल्या आंबा-काजूच्या आणि सोलापूरकडच्या डाळिंबाच्या कित्येक बागा त्यातून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आज नर्सरी, खोके, वाहतूक, प्रक्रिया असे कितीतरी धंदे चालतात.

करात दोष आहेत, आणि ते मोठे आहेत. कमाल 2500 ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम 276 मध्ये 1988 साली घातली गेली. तेव्हा ती भारी रक्कम होती. आज 11 हजार कमावणारा सुरक्षारक्षक आणि 11 लाख कमावणारा संचालक दोघेही तेवढेच भरतात. हे मला अन्यायाचं वाटतं. मर्यादा बदलायला घटनादुरुस्ती लागते.

छोट्या व्यावसायिकांची चूक बहुतेक एकाच जागी होते. व्यवसाय कराच्या नोंदण्या दोन असतात. पीटीईसी ही मालकाच्या स्वतःच्या कराची: तिचे 2500 दरवर्षी 30 जूनच्या आत भरायचे. पीटीआरसी ही नोकरांच्या पगारातून कापून भरायच्या कराची: करपात्र पगाराचा पहिला माणूस ठेवला की 30 दिवसांत अर्ज करायचा. पहिली काढून दुसरी विसरली जाते. मग काही वर्षांनी नोटीस येते तेव्हा नोकराचा न कापलेला कर मालकाच्या खिशातून जातो, वर व्याज आणि उशिराच्या विवरणपत्राचं शुल्क. फेब्रुवारीचे 300 पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे टाकले नसतील तर प्रत्येक नोकरामागे 100 रुपये कमी भरले जातात. जुन्या प्राप्तिकर पद्धतीत पगारातून कापलेल्या व्यवसाय कराची वजावट मिळते, नव्यात नाही.

आणि दुसऱ्या टोकाला, ज्याच्यासाठी हा पैसा जमा होतो त्या मजुराने कामाची मागणी तोंडी करू नये. काम मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना 4, भरून ग्रामपंचायतीत द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी. 15 दिवसांत काम देण्याची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. पोच नसेल तर मागणी केल्याचा पुरावाच उरत नाही, आणि बेकारी भत्ताही मागता येत नाही.