बायकोला पाठव

वडगावात आमच्या घरी पेपर घेत नसत. समोरच्या मागवाल्यांकडचा तरुण भारत संध्याकाळी शिळा होऊन यायचा. मग आज्जी मला उंबऱ्यावर बसवून म्हणायची, "सोन्याचा भाव वाच बघू." सीमाप्रश्न नको, पुढाऱ्यांची भाषणं नकोत. निधनवार्ता मात्र हव्यात, कारण गेलेलं माणूस भिशीतलं निघालं तर सगळा हिशोब फिरायचा. मी तेव्हा आठ वर्षांची. आज्जीला अक्षरओळख नव्हती.

परवा हेट्टी ग्रीनबद्दल वाचत होते. १८३४ साली अमेरिकेत, न्यू बेडफर्डला, देवमाशांच्या शिकारीवर गब्बर झालेल्या घरात जन्मलेली बाई. लहानपणी तीही आजोबांना पेपरातले बाजारभाव वाचून दाखवायची. म्हटलं, अगं, ही तर आपल्यातलीच!

लोक तिला वॉल स्ट्रीटची चेटकीण म्हणत. अंगात काळा झगा, बँकेतच ठिय्या मारून सगळा कारभार. चिक्कू होती, खोटं कशाला बोलू. पण यादवी युद्धानंतर सरकारी नोटांवर कुणी भरवसा ठेवेना, तेव्हा हिनं त्या पडत्या भावात घेतल्या. सगळे विकायला धावले की घ्यायचं आणि हाताशी रोकड ठेवायची, एवढंच तिचं गणित. १९०७ साली बाजार कोसळला, बँकांसमोर रांगा लागल्या, तेव्हा खुद्द न्यूयॉर्क शहरानं या चेटकिणीकडून ११ लाख डॉलर उसने घेतले. मताचा अधिकार त्या राज्यात बायकांना मिळाला १९१७ मध्ये. ती १९१६ लाच गेली.

आज्जीची रोकड पत्र्याच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत. आषाढात लग्नं नसत, साड्या पडून राहत, माग थांबत. मग वर्षभर "म्हातारी कवडीचुंबक" म्हणणारेच चपला काढून दारात उभे राहत. आज्जी सुपारी कातरायची थांबायची नाही. मान वर न करता म्हणायची, "बायकोला पाठव." पैसे बाईच्याच हातात. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. मी वहीत नाव लिहायचे, फिटलं की पुढं फुली मारायचे.

हेट्टीनं लग्नाआधीच आपला पैसा नवऱ्यापासून वेगळा ठेवला होता. तरी १८८५ मध्ये बँक बुडाली, तेव्हा कळलं की तिथं सर्वांत मोठी ठेव हिची आणि सर्वांत मोठा कर्जदार नवरा! चरफडत त्याचं देणं फेडलं आणि उरलेलं उचलून केमिकल नॅशनल बँकेत नेलं.

हे वाचून माळ्यावरची वही काढली. वाळवीनं कडा खाल्ल्यात, पण माझं वेडंवाकडं अक्षर शाबूत आहे. सगळ्या नावांपुढं फुल्या. शेवटच्या पानावर एकच नाव, आजोबांचं. १२० रुपये, व्याज वेगळं. पुढं फुली नाही.