चिठ्ठी दप्तरातच राहू नये म्हणून

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षणसेवक म्हणून निवड झाली आणि नवी मुंबईतल्या दिघ्याजवळच्या एका अनुदानित शाळेत रुजू झाले. १६,००० रुपये मानधन, सहावीचा वर्ग, आणि थोड्याच दिवसांत हाती पडलेलं एक पत्र: शाळेच्या दोन आरोग्यदूतांपैकी एक मी. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांकडे, शक्यतो एक बाई आणि एक सर, हे काम येतं. भावनिक आरोग्यापासून पोषण, व्यसनं, इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत ११ विषय आहेत. प्रशिक्षण चांगलं झालं. पण वर्गात उभी राहिल्यावर कळलं की तास घेणं त्यातलं सोपं काम. मुलाकडे रोज लक्ष असणं आणि एखादी गोष्ट दिसली की ती शेवटपर्यंत नेणं, हे खरं काम.

माझ्या वर्गात एक मुलगी सतत शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. ‘कॉपी करते’ असा शिक्काच बसला होता तिच्यावर. आरोग्य पथक येण्याआधी आम्ही वर्गात नजर तपासली. सहा मीटरवर खडूची रेघ, समोर भिंतीवर इंग्रजी ई अक्षराचा तक्ता, आणि ई चे पाय कुठल्या बाजूला आहेत ते मुलांनी हाताने दाखवायचं. वाचायचा तक्ता लावला की रांगेतली मागची मुलं ऐकून पाठ करतात, म्हणून हाच बरा. डोळा तळहाताने झाकायला लावायचा. बोटांनी झाकला की फटीतून दिसतं. ही मुलगी वरच्याच ओळीवर अडली आणि अगदी सहज म्हणाली, “बाई, थोडी पुढे येऊ का?” वर्गात ती रोज तेच करत होती. फळा दिसत नव्हता, म्हणून वही बघत होती.

पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी होते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वं आणि लोहाची कमतरता, आजार, वाढीतला विलंब, सगळं बघतात. पथकाने तिला पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली आणि अशा बहुतेक चिठ्ठ्यांचं जे होतं तेच झालं. ती दप्तरात राहिली.

यात आईवडिलांची हयगय नव्हती. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हमाली करतात, आई ऐरोलीत घरकाम. सकाळची ओपीडी म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय आजीची वेगळीच काळजी: “बाई, पोरीला चष्मा लागला तर उद्या लग्न कसं जमायचं?” मी ओट्यावर बसून सांगितलं, “आजी, तिला आत्ता फळाच दिसत नाही. अशी मागे पडली तर शाळा सुटेल.” त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही, मग आईलाच म्हणाल्या, “जा गं घेऊन.” मुख्याध्यापकबाईंकडून लेखी परवानगी घेतली आणि चिठ्ठी मिळालेली मुलं व त्यांच्या आया एकाच सकाळी मिळून रुग्णालयात गेलो. एकेकटीने गेल्या नसत्या. चष्मा मोफत मिळाला. तरी काही दिवस तो दप्तरातच, कारण मुलं ‘ढापणी’ म्हणायची. आमचे गणिताचे सर चष्मा लावतात. त्यांनी वर्गात येऊन आपला चष्मा काढला आणि फळ्यावरचं वाचून दाखवायचा प्रयत्न केला. वाचताच आलं नाही. त्यानंतर चिडवणं बरंच कमी झालं.

लोहाच्या गोळ्यांचं काम आठवड्याचं. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी, ६० मिलिग्रॅम लोहाची. ती खिचडी खाऊन झाल्यावरच द्यायची, उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग अफवा पसरते. शौचाला काळं होतं हे पालकसभेत आधीच सांगून ठेवलं. गोळीवर लगेच चहा नको, हेही सांगितलं. आणि मुलांसमोर मी स्वतः गोळी घेते.

एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नव्हती. दुपारनंतर काही मुलींचं डोकं दुखायचं. विचारलं तर त्या दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटलेली होती. कडी आली, डोकेदुखी कमी झाली. पोषणावरच्या कितीतरी तासांपेक्षा ती कडी मला महत्त्वाची वाटते.

मनाच्या बाबतीत मी फार जपून वागते. मी समुपदेशक नाही. मूल काही सांगायला आलं तर ऐकून घेते, पण ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मोडलेलं वचन ते मूल विसरत नाही. त्याऐवजी सांगते, “तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन, आणि तुला आधी विचारीन की कसं सांगू.” मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या दाराशी लावलेत. शिक्षककक्षात लावून उपयोग नाही, मुलं तिथे येत नाहीत.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात गेल्या वर्षीच्या तपासणीची यादी मागून घ्या. कुणाला पुढे पाठवलं होतं आणि त्यातलं कोण खरंच गेलं, ते घरोघर विचारा. पथकाच्या डॉक्टरांचा नंबरही घ्या. माझ्या यादीत अजून एक मुलगा बाकी आहे, कानाच्या तपासणीचा. त्याच्या आईची सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या दिवशी कानाची ओपीडी असते का एवढंच आता विचारायचं आहे.